सगळ्या लाल वायरी

बाबांच्या जुन्या फियाटमधली एकूण एक वायर लाल होती. बागेतल्या पंपासाठी आणलेलं बंडल उरलं आणि या काटकसरी माणसाने वर्षानुवर्षं त्यातूनच गाडी दुरुस्त केली. हेडलाइटची लाल, हॉर्नची लाल, वायपरची लाल. कुठली कुठे जाते ते फक्त त्यांच्या डोक्यात, आणि अर्धांगाच्या झटक्यात त्यांची वाचाच गेली.

मी मिरजोळ्याला एका कारखान्यात पॅनलचं वायरिंग करते. चुकीच्या रंगाची वायर दिसली की माझं डोकं फिरतं. गाडी चालू करून बाबांना एकदा आंब्याच्या कलमांच्या बागेत फिरवून आणायचं, म्हणून मी आठवड्याची रजा टाकली.

आई त्यांना शेडमध्ये आणून खुर्चीत बसवायची. खाऱ्या हवेने वायरींमधलं तांबं हिरवं पडून त्याचा भुगा झाला होता. करंट कुठे तुटतो ते शोधायला टेस्ट लॅम्प लावून लावून मी हैराण व्हायचे. मग बाबांचा डावा हात हळूहळू वर यायचा आणि एका वायरीकडे बोट दाखवायचा. बिघाड नेमका तिथेच सापडायचा. एकदाही चुकले नाहीत. सापडला की तोंडाच्या एका बाजूने हसायचे.

पण एकेका वायरीला अर्धा दिवस! चौथ्या दिवशी मी वैतागले.

“सावकाश कर गो,” आई म्हणाली. “तेवढंच उरलंय त्यांना. इथे बसले की दोन घास जेवतात तरी.”

त्या दुपारी ते झोपलेले असताना मी जुनं सगळं वायरिंग उपटून काढलं. दोन दिवस त्यांना शेडमध्ये आणू दिलं नाही. नव्या वायरी घातल्या, निळ्या, पिवळ्या, हिरव्या, प्रत्येकीला नंबर. काम देखणं झालं. खोटं कशाला बोलू, मला माझाच अभिमान वाटला.

सातव्या दिवशी बाबांना आणलं. किल्ली फिरवताच इंजिन सुरू झालं, दिवे लागले. त्यांनी उघड्या बॉनेटखाली पाहिलं. सवयीने डावा हात उचलला. तो त्या रंगांवरून इकडून तिकडे फिरला आणि कुठेच थांबला नाही. मग मांडीवर पडला.

मी धावत जाऊन लाल वायरींचं भेंडोळं त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते ढकललं.

“बागेत जाऊया ना, बाबा?”

त्यांनी मान फिरवली.

पुन्हा ते शेडमध्ये आले नाहीत. ताट तसंच परत यायला लागलं. आंब्याचा हंगाम संपायच्या आत ते गेले.

गाडी एका किल्लीत सुरू होते. इतक्या दिवसांत एकदाही बिघडली नाही.