एका दुपारचे पाच अर्ज

माझ्या मेहुण्याने मला फोनवर पाच ओटीपी सांगितले, तेव्हा तो दिल्ली कॅन्टोन्मेंटमध्ये कसल्याशा परेडच्या तयारीत होता. मागे शिट्ट्या ऐकू येत होत्या. प्रत्येक वेळी तो "घ्या दाजी, लिहून घ्या" म्हणाला आणि एकेक आकडा सुटा करून त्याने दोनदा सांगितला. कशासाठी हवेत, हे त्याने एकदाही विचारलं नाही. मी सांगितलंही नाही.

त्याआधी आठ महिने मी फरीदाबादच्या आमच्या फ्लॅटमध्ये बसून होतो. गुरुग्रामच्या कंपनीने आमचा आख्खा विभाग बंद केला, तेव्हा मला एक्कावन्नावं लागलं होतं. सुरुवातीला मी अर्ज केले, मग अर्ज करण्याचं सोंग केलं, आणि शेवटी बायकोच्या रेट्यामुळे गृहकर्ज सल्लागाराच्या ऑनलाइन सर्टिफिकेट कोर्सला नाव घातलं. लोकांना घरासाठी कर्ज मिळवून द्यायचं, कागदपत्रं लावून द्यायची आणि बँकेकडून कमिशन घ्यायचं. चार महिन्यांचा अभ्यास, शेवटी परीक्षा.

मला त्या कोर्सचा पहिल्या दिवसापासून राग होता. शिकवणारी मुलगी माझ्या जुन्या ऑफिसात असती तर माझ्यासाठी मीटिंगची खोली बुक करत असती. कोणी काहीही उत्तर दिलं की ती "बहुत बढ़िया" म्हणायची. बाकीचे विद्यार्थी पंचविशीच्या आतले. एकदा माझा माइक चालू राहिला आणि घरातल्या कुकरची शिट्टी सगळ्यांनी ऐकली, तेव्हा एकाने चॅटमध्ये लिहिलं, "अंकल जी, दाल में पानी ठीक है ना?" त्याखाली हसण्याची चिन्हं पडत गेली. त्या दिवसापासून मी कॅमेरा बंद केला तो कायमचा.

पण हजेरी लागायची. दर दहा-बारा मिनिटांनी स्क्रीनवर एक चौकट यायची, 'आप उपस्थित हैं?' मिनिटाभरात बटण दाबलं नाही तर त्या तासाची हजेरी गेली. मी यावर तोडगा काढला. लॅपटॉप स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवायचा आणि आपण बाल्कनीत पेपर घेऊन बसायचं. बायको सकाळची शाळा करून दुपारी घरी आली की ओट्यापाशीच असायची. शिकवणं तिचं पोट भरण्याचं काम आणि स्वयंपाकही तिचाच, तर बटणही तिनेच दाबावं, असं मला वाटलं. आज हे लिहिताना लाज वाटते. तेव्हा वाटली नव्हती.

"अहो, तुमचं बटण आलं!"

"दाब की मग."

"माझे हात कणकेत आहेत."

"कोपराने दाब."

ती कोपराने दाबायची. काही दिवसांनी तिने मला हाक मारणंच सोडलं. पंचवीस वर्षं माणसांना वस्तू विकल्यावर ही पोरगी मला काय शिकवणार, असं मी स्वतःला सांगत राहिलो.

मेहुणा म्हणजे बायकोचा एकुलता एक धाकटा भाऊ, सैन्यात सुभेदार. साताऱ्याकडच्या खेड्यातून सतराव्या-अठराव्या वर्षी भरती झालेला. मी इंग्रजी बोलतो आणि गुरुग्रामच्या काचेच्या इमारतीत बसतो, म्हणून त्याला माझा फार आदर. तो आदर मला नेहमी जड वाटायचा. नोकरी गेल्यावर तो कमी झाला नाही, आणि त्याचा मला जास्तच राग आला. त्याने एकदा तरी चुकून "आता काय करणार दाजी?" असं विचारावं, म्हणजे मला त्याच्यावर भडकता येईल, असं वाटायचं.

त्याला सहा महिन्यांत निवृत्ती होती. निवृत्तीबरोबर क्वार्टर जाणार. मुलीची कॉलेजची दोन वर्षं बाकी होती आणि तिला दिल्लीत एकटीला ठेवायची त्याची तयारी नव्हती. आमच्यापासून दोन गल्ल्यांवर दोन खोल्यांचा एक जुना फ्लॅट विकायला होता. मालकाने महिनाअखेरपर्यंत थांबायचं कबूल केलं होतं. कर्ज हवं होतं ते नोकरी शिल्लक असतानाच, कारण पेन्शनवर तेवढं मिळत नाही.

"घरातच माणूस असताना मी दलालाकडे कशाला जाऊ?" असं म्हणून त्याने प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये नीट लावलेले सगळे कागद माझ्या हातात दिले.

त्याच आठवड्यात कोर्सची असाइनमेंट होती, 'खऱ्या ग्राहकासाठी पाच बँकांची तुलना'. बँका आपले व्याजदर आणि नियम जाहीर करतात, त्यावरून ती करायची होती. कशी करायची, हे एका तासाला समजावून सांगितलं होतं. त्या तासाला मी बाल्कनीत होतो. मी मेहुण्याचे कागद घेतले आणि एका दुपारी त्याच्याकडून ओटीपी घेत पाच बँकांच्या साइटवर पाच खरेखुरे अर्ज भरले. पाचांची उत्तरं येतील, ती असाइनमेंटला चिकटवू, असा हिशेब. त्याच्यासाठी एक बँक पुरेशी होती. उरलेल्या चार माझ्यासाठी होत्या.

अर्ज आला की बँक त्या माणसाची कर्जाची जुनी नोंद तपासते, आणि ती तपासणीही नोंदीत चढते. एका दिवसात पाच तपासण्या म्हणजे हा माणूस पैशासाठी दारोदार फिरतोय, असा अर्थ निघतो आणि त्याचा क्रेडिट स्कोअर उतरतो. मेहुण्याचा आधीच काठावर होता. सीमेवर पोस्टिंग असताना क्रेडिट कार्डाचे काही हप्ते चुकले होते. तो काठाखाली गेला. चार बँकांनी नकार दिला. पाचवीने देऊ केलेल्या रकमेत त्या फ्लॅटचं स्वयंपाकघरही आलं नसतं. असाइनमेंटला मात्र मला चांगले गुण मिळाले. शेरा होता, 'बहुत बढ़िया'.

मेहुण्याचा फोन आला तेव्हा मी म्हणालो, "बँकेच्या सिस्टिममध्ये काहीतरी गडबड आहे. त्यांचीच चूक."

त्याने ते खरं मानलं. दुसऱ्या दिवशी युनिफॉर्म घालून तो बँकेत गेला आणि अधिकाऱ्याशी भांडला. अर्ज कोणी भरले, असं विचारत अधिकाऱ्याने स्क्रीन त्याच्याकडे वळवली. एक तारीख, पाच अर्ज.

तिथून तो सरळ आमच्याकडे आला. टोपी काढून मांडीवर ठेवून सोफ्याच्या कडेला बसला.

"दाजी, एकाच दिवशी पाच?"

"तुला चांगला दर मिळावा म्हणून रे."

"खोटं बोलू नका." बायको दारात उभी होती. "तुमच्या त्या अभ्यासासाठी होतं ते. एका वेळी एकाच बँकेत जायचं, तिचं उत्तर आल्याशिवाय दुसरीकडे अर्ज टाकायचा नाही, असं ती मुलगी दोनदा सांगत होती. मी पोळ्या लाटत होते तेव्हा."

"ऐकलं होतंस तर मला का नाही सांगितलंस?"

"मला वाटलं, तुम्ही बाहेर बसून ऐकताय. तुमच्यासाठी आवाज मोठा करून ठेवायची मी."

मला तिथेच थांबता आलं असतं. त्याऐवजी मी मेहुण्याकडे वळलो आणि आयुष्यातलं सर्वांत हलकं वाक्य बोललो.

"पण ओटीपी तूच दिलेस ना? पाचही. एकदा तरी विचारायचंस, कशाला म्हणून."

त्याने मांडीवरची टोपी उचलली. मग म्हणाला, "बरोबर आहे. विचारायला पाहिजे होतं."

चहा तसाच ठेवून तो उठला. दारात बूट चढवताना बहिणीला म्हणाला, माझ्याकडे न बघता, "ताई, बँकेत त्या साहेबाला मी काय म्हणालो माहितेय? आमच्या दाजींवर संशय घेऊ नका. चार माणसं होती तिथे."

तो गेल्यावर बायको म्हणाली, "नोकरी गेली तेव्हा मला तुमची दया आली होती. आता ती पण शिल्लक नाही." त्या दिवसापासून तिने लॅपटॉप ओट्यावर ठेवू दिला नाही.

महिना संपला आणि मालकाने फ्लॅट दुसऱ्याला दिला. उतरलेला स्कोअर चढायला काही महिने लागतात. तोवर मेहुण्याची निवृत्ती आली असती. त्याने मुलीसाठी दिल्लीतल्या मुनिरकात आणखी दोन मुलींबरोबर भाड्याची खोली पाहिली आणि आपण नवराबायको गावी जायचं ठरवलं. हे सगळं मला बायकोकडून तुकड्यातुकड्याने कळलं. मी त्याला लांबलचक मेसेज लिहिला. असाइनमेंट, बाल्कनी, गुण, सगळं कबूल केलं, माफी मागितली. दोन दिवसांनी उत्तर आलं, "माझे कागद तुमच्याकडे आहेत. ते परत द्या."

मी फोल्डर घेऊन कॅन्टोन्मेंटला गेलो. एरवी तो गेटवर माझा पास तयार ठेवायचा आणि पहारेकऱ्याला सांगायचा, "हमारे जीजाजी हैं." या वेळी पास नव्हता. तो स्वतःच गेटबाहेर आला. कडेला उभ्या केलेल्या स्कूटरच्या सीटवर फोल्डर ठेवून त्याने एकेक कागद तपासला. पगाराच्या स्लिपा, ओळखपत्राची प्रत, मुलीच्या कॉलेजचा दाखला. मी शेजारी उभा होतो. पहारेकरी आमच्याकडे बघत होता.

"यांच्या कॉप्या आणखी कुठे आहेत?"

नाही म्हणायचं तोंडावर आलं होतं. "लॅपटॉपमध्ये आहेत," मी म्हणालो.

"पुसून टाका. ताईसमोर पुसा."

मी मान हलवली. त्याने फोल्डर काखेत धरला आणि तो आत गेला. मी मेट्रोने घरी आलो. बायको वह्या तपासत होती. मी लॅपटॉप घेऊन बसलो आणि तिला त्याचा निरोप सांगितला, एकही शब्द न गाळता. तिने पेन बंद केलं, खुर्ची माझ्या शेजारी ओढली आणि ती म्हणाली, "उघडा."