साहेब तिथं करतेत तरी काय?

स्टेनोच्या वहीत जे लिहायचं नसतं, तेच डोक्यात साठत जातं. लातूर जिल्हा नवा झाला, तेव्हापासून मी कलेक्टर साहेबांचा स्टेनो. पुढं ते संरक्षण मंत्रालयात मोठ्या खुर्चीवर गेले आणि मलाही दिल्लीला घेऊन गेले. गावाकडं आलो की पहिला प्रश्न, "साहेब तिथं करतेत तरी काय?" खरं सांगू? मलाही तेच कुतूहल!

*

लातूरला ऑफिस होतं, टेबलं यायची होती. त्यात दुष्काळ. मुरुडचे किराणा दुकानदार अप्पा आले. "साहेब, जिल्हा झाला. पाणी कवा?"

"अप्पा, आत्ता कुठं शिक्के आलेत."

"मंग शिक्का तरी ओला हाय का, बघू द्या!"

*

हेच अप्पा पुढं दिल्लीला आले. केबिनभर नजर फिरवली आणि मला बाजूला घेतलं. "वर्दी न्हाई, बंदूक न्हाई. मंग ते मिशावाले जनरल बाहेर का थांबून राहिलेत?"

मी म्हटलं, "बंदूक त्यांची. पण विकत घ्यायची का नाही, ती फाईल साहेबांकडं!"

अप्पांनी जाताना फाईललाच नमस्कार केला.

*

एक अधिकारी वाळवंटातल्या नव्या चौकीचा नकाशा घेऊन आले. तोफ कुठं, भिंत कुठं, अर्धा तास सांगत होते. साहेबांनी एकच विचारलं, "टँकर कुठून येणार?" फाईल परत! दुष्काळ बघितलेला माणूस, दुसरं काय विचारणार.

*

साहेबांच्या घरून वहिनींनी एकदा भाजीची यादी पाठवली. साहेबांनी सवयीनं शेरा मारला, "चर्चा करावी."

दुसऱ्या दिवशी डब्यात नुसती चिठ्ठी. "चर्चा चालू आहे!"

*

आणि नांदेडच्या गयाबाई. एकुलता पोरगा फौजेत, चार महिने पत्र नाही. गावात नको ते बोलायला लागले, तशी बाई एकटी रेल्वेत बसून दिल्लीला आली.

साहेबांनी चौकशी केली. "माय, पोरगा खुशाल आहे. कुठं आहे, ते सांगता येत नाही."

"खुशाल तर समदेच म्हणतेत. मला जागा नका सांगू. आज जेवला का, तेवढं इचारा."

साहेबांनी फोन उचलला. मग दुसरा, मग तिसरा. मीटिंगची माणसं बाहेर ताटकळलेली! तीन तासांनी टाइप केलेला कागद आला. साहेबांनी तो मराठीत वाचून दाखवला, "सदर जवानाने दुपारी भोजन केले. ज्वारीची भाकरी मागितली होती. नसल्याने चपातीवर भागविण्यात आले."

गयाबाईंनी पदर तोंडाला लावला.

"भाकर मागितली? मंग माझाच हाय!"