नववा पाय

कातारी क्लबात खेळायला लागला तेव्हा त्याच्या प्रत्येक फटक्याला टाळ्या पडायच्या. लाल चेंडू पॉकेटमध्ये गेला तरी टाळ्या, कडेवर आपटून भलतीकडे गेला तरी टाळ्या. दोन आठवडे त्याने सोसलं. तिसऱ्या आठवड्यात एक सोपा फटका साफ हुकला, तरी मागच्या बाकावरून टाळ्या आल्याच. तेव्हा त्याने वळून विचारलं, "ह्या कशाच्या? कळलं तर पुढच्या वेळी पुन्हा हुकवीन म्हणतो."

त्यानंतर टाळ्या कमी झाल्या. बंद मात्र झाल्या नाहीत.

कातारी म्हणजे लेथवर लाकूड कातणारा. पलंगाचे खुर, जिन्याच्या कठड्याचे दांडे, भिंतीतल्या खुंट्या असली कामं तो करायचा. सव्विसाव्या वर्षी वखारीत एक ओंडका घसरला आणि त्याचा डावा पाय गुडघ्याखालून गेला. इस्पितळाने नवा पाय दिला, तो त्याने दोन महिने वापरला आणि फळीवर ठेवून दिला. ज्याने तो केला त्याला लाकडातलं काही कळत नव्हतं, एवढंच त्याचं म्हणणं. मग त्याने स्वतःच्या लेथवर स्वतःचा पाय कातला, टोकाला रबर ठोकलं, मोच्याकडून पट्टे करून घेतले आणि आतली गादी बायकोने शिवली. बायको म्हणाली, लग्नात नवऱ्याचे दोन्ही पाय फुकट मिळाले होते, आता एकाची शिलाई करावी लागते आहे. तो हसला, ती मात्र गादी मनासारखी बसेपर्यंत तीनदा उसवून बसली.

बिलियर्डशी त्याची गाठ पडली तीही कामामुळेच. क्लबातल्या टेबलाचे पाय ओलीने कुजले होते, आणि असल्या टेबलाला पाय आठ लागतात. चार दिवस तो टेबलाखाली बसून एकेक पाय बसवत होता आणि डोक्यावर चेंडूंची टकटक ऐकत होता. पाचव्या दिवशी काम संपलं. तो बाहेर आला, अंगावरचा भुसा झटकला आणि म्हणाला, "एक काठी मला द्या बघू." ह्या गोष्टीला आता एकोणीस वर्षं झाली.

एकोणीस वर्षांत तो पहिल्यांदाच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पोचला होता. समोर वकील होते. बुटके, टापटिपीचे, तीन वेळा चषक नेलेले. पंचाच्या जागी निवृत्त पोस्टमास्तर होते. उभ्या आयुष्यात त्यांनी एकाही पाकिटावर आडवा शिक्का मारला नसेल. सामना दोनशे गुणांचा. वकील एकशे एकाहत्तर, कातारी एकशे चौसष्ट, आणि पांढरा चेंडू टेबलाच्या अगदी मध्यावर अडकलेला.

लांबच्या चेंडूसाठी एक आधाराची काठी मिळते. बहुतेक जण ती घेतात. कातारीला तिचा तिटकारा होता. सगळे म्हणायचे हा हट्ट आहे, आणि तो हट्टच होता. त्याने टेबलावर अंग लोटलं, उजवा पाय जमिनीवरून उचलला, डाव्या लाकडी पायावर तोल धरला आणि फटका मारला. पांढरा चेंडू बाकीच्या दोन्ही चेंडूंना हलकेच शिवून गेला. दोन गुण.

वकिलांचा हात वर झाला. नियम सांगतो की फटका मारताना खेळाडूचा निदान एक पाय जमिनीवर हवा. कातारीचा पाय वर होता आणि जमिनीवर टेकलं होतं ते लाकूड. हॉलमध्ये चुळबूळ सुरू झाली. पोस्टमास्तरांनी नियमांची वही उघडली. वहीत फक्त 'पाय' लिहिलेलं होतं, कशाचा ते लिहिलेलं नव्हतं. वकिलांनी ती चुळबूळ ऐकली आणि हात खाली घेतला. "जाऊ द्या," ते म्हणाले, "ह्यांच्या बाबतीत एवढं काय ताणायचं. मी सोडून देतो."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. ह्या खेपेला वकिलांसाठी.

कातारीने काठी टेबलावर आडवी ठेवली. "सोडून काय देता? फाउल असेल तर फाउल म्हणा, नसेल तर नाही म्हणा. ह्या टेबलाचे आठ पाय मी कातलेत. ते जमिनीला टेकलेत असं तुम्ही एकोणीस वर्षं धरून चालता. मग नववा टेकला की नाही, एवढंच सांगा."

पोस्टमास्तरांनी सामना पुढच्या रविवारी ठेवला.

मधल्या आठवड्यात क्लबाच्या कमिटीचा निरोप आला, की आम्ही तोडगा काढला आहे. कातारीला पायाच्या नियमातून कायमची सूट, वर कौतुकाचा एक खास चषक. बायकोने निरोप वाचला आणि विचारलं, घेऊन टाकायला काय हरकत आहे, चषकाने घरातलं काय बिघडणार? त्याने मान हलवली. सूट घेतली की तो पाय नाही असं आपणच कबूल केलं, मग रोज सकाळी पट्टे कशाला बांधायचे? तिने उठून पायाच्या आतली गादी काढली आणि नवीन कापूस भरायला घेतला.

रविवारी हॉल भरला. पोस्टमास्तर उभे राहिले आणि म्हणाले की माणूस ज्याच्यावर चालत येतो तो त्याचा पाय. वकिलांनी लगेच विचारलं, उद्या कोणी हातातली काठी टेकली तर तीही पायच का?

"काठी लोक दाराशी ठेवून आत येतात," पोस्टमास्तर म्हणाले. "ह्यांनी पाय दाराशी ठेवलेला मी कधी पाहिला नाही." मग त्यांनी खिशातून एक कोरं पोस्टकार्ड काढलं. पाय टेकलेला आहे की नाही ते दोघांच्याही बाबतीत ह्या कार्डाने बघितलं जाईल. कार्ड खालून सरकलं तर फाउल. पाय कशाचाही असो.

आधीचे दोन गुण कातारीला मिळाले आणि खेळ पुढे सुरू झाला. तो त्या दिवशी असा खेळला की बाकावरची माणसं टाळ्या वाजवायचंच विसरली. एकशे अठ्ठ्याण्णव. वकील एकशे सत्त्याऐंशीवर. कातारीला दोनच गुण हवे होते, आणि चेंडू पुन्हा टेबलाच्या त्याच मध्यावर. आधाराची काठी कोणीतरी पुढे केली. त्याने तिच्याकडे बघितलंही नाही. अंग लोटलं, उजवा पाय उचलला, मारलं. पांढरा चेंडू लाल चेंडूला भिडला, वळला, दुसऱ्याला भिडला. हॉलमध्ये गलका झाला.

पोस्टमास्तर गुडघ्यांवर वाकले होते. ते सावकाश उठले. पोस्टकार्ड त्यांच्या हातात होतं.

"फाउल."

गलक्याचा सूर बदलला. कोणी म्हणालं, अहो, कार्डाच्या जाडीएवढं काय बघता, बिचाऱ्याने इतक्या वर्षांनी... कातारीने हात वर केला तेव्हा सगळे थांबले. लाकडाला जाणीव नसते. पाय उचलला गेला हे त्याला कळलंच नव्हतं, आणि कार्ड बघून ते पटायला त्याला एक क्षण लागला.

"पंच बरोबर आहेत," तो म्हणाला आणि खुर्चीवर जाऊन बसला.

त्या फटक्याचे गुण गेले, वर दोन वकिलांना. वकील टेबलाशी आले. त्यांनी ह्या वेळी काहीही सोडून दिलं नाही. तीनदा तीन गुणांचा लाल चेंडू पॉकेटमध्ये घातला, एकदा त्यांचा चेंडू दोन्ही चेंडूंना शिवून गेला, आणि दोनशे झाले. चषक त्यांचा झाला. घरी जाताना बायकोने विचारलं, फार लागलं का? तो म्हणाला, पाय अर्धा इंच कमी पडला.

तीन दिवसांनी वकील दुकानात आले. खुर्चीचा एक दांडा घेऊन आले होते, पण त्यांचं लक्ष लेथकडे गेलं. लेथवर नवा पाय फिरत होता.

"हा जुन्यापेक्षा लांब दिसतोय," वकील म्हणाले.

"अर्धा इंच. चालायला जुना, खेळायला हा."

"असं कसं चालेल? प्रत्येकाने आपापल्या सोयीने पाय वाढवायचा का? मी काय करू मग?"

"तुमचं मला जमणार नाही. मी फक्त लाकडात काम करतो."

वकिलांचा चेहरा लाल झाला. "चेष्टा नाही, कातारी. मी ह्या पायावर हरकत घेणार. शेवटपर्यंत घेणार, सांगून ठेवतो."

कातारीने लेथ बंद केला. एकोणीस वर्षांत त्या क्लबातलं कोणी त्याच्याशी असं बोललं नव्हतं. "पुन्हा म्हणा," तो म्हणाला. वकील पुन्हा म्हणाले, आधीपेक्षा चढ्या आवाजात. आतून बायको डोकावली, कोण भांडतंय ते बघायला, आणि नवऱ्याचं तोंड बघून तशीच चहा ठेवायला गेली.

"लेखी द्या," कातारी म्हणाला. त्याने कानामागची पेन्सिल काढून दिली, बाकावरचा भुसा हाताने पुसला आणि वकिलांना बसायला जागा केली. वकील बसले आणि लिहायला लागले. त्यांचं लिहून होईपर्यंत कागदावर भुसा उडू नये म्हणून कातारीने लेथ पुन्हा सुरू केला नाही.