व्हॉल्व्हवरचा शिक्का

लियाकत पारकर आमचा शेजारी, मूळचा दापोलीचा. इथे आखातात, हमरिया फ्री झोनमध्ये, व्हॉल्व्ह बनवणाऱ्या एका छोट्या जपानी कंपनीत तो फोरमन आहे. ती एका मोठ्या समूहातली. पंप बनवणारी मोठी कंपनी, माल नेणारी, विमा उतरवणारी, कर्ज देणारी बँक, सगळ्या एकाच गोतावळ्यातल्या. प्रत्येकीकडे दुसरीचे थोडेथोडे शेअर्स.

"ये खानदान है भाई, बिझनेस नाही," लियाकत म्हणायचा.

"मग भाऊबंदकीही असेलच," मी म्हणायचो. बांधावरून कोर्टात गेलेले सख्खे भाऊ मी गावाकडे पाहिलेत.

मार्चमध्ये त्यांच्या शेडला आग लागली. कुणाला इजा झाली नाही, पण मशिनं गेली. पंपवाल्यांना तर रोज व्हॉल्व्ह लागतात. ते आता बाहेरून घेणार आणि लियाकतची कंपनी खलास, असंच सगळ्यांना वाटलं. नोकरी गेली की व्हिसाही जातो. त्यात मुलीचं, अलिशाचं, दहावीचं वर्ष. बदरुन्निसाभाभींनी कपाटावरच्या बॅगा खाली काढल्या.

व्हॉल्व्हची ड्रॉइंग्ज पंप कंपनीची होती, म्हणून लियाकत ती परत करायला गेला. तिथे समूहातल्याच आणखी सहा कारखानदार कंपन्यांचे लोक बसले होते. पंप कंपनीच्या हिरानोसाहेबांनी वाकून ड्रॉइंग्ज घेतली आणि म्हणाले, "पारकर-सान, तुमचा व्हॉल्व्ह यांना शिकवा."

त्याने शिकवला. त्यांच्यातले ट्रकच्या सीट बनवणारेसुद्धा शिकले. घरी मात्र त्याला घास जाईना.

"आपलं काम आपल्याच हाताने देऊन आलो," तो मला म्हणाला. "अब हमारी क्या जरूरत?"

मलाही तेच वाटत होतं.

नवी शेड उभी राहिली, त्या आठवड्यात सहाही कंपन्यांनी व्हॉल्व्ह बनवणं थांबवलं. साचे परत आले, ड्रॉइंग्ज परत आली, कामही परत आलं. सोबत तयार मालाची उरलेली खोकी होती. लियाकतने त्यातला एक व्हॉल्व्ह घरी आणून माझ्या हातात दिला.

"सीटवाल्यांनी बनवलाय. शिक्का बघ."

शिक्का लियाकतच्या कंपनीचा होता. शेड बंद होती, तेव्हाही रोज तिच्याच नावाने माल जात होता. मी थक्क झालो. असे भाऊबंद मी जन्मात पाहिले नव्हते.

"सो वी आर स्टेइंग, अब्बा?" अलिशाने विचारलं.

तो उठला आणि बॅगा पुन्हा कपाटावर चढवू लागला.