काकूंच्या बोटीवरचं पाणी

वॉशिंग्टन राज्यातल्या अ‍ॅनाकॉर्टेसच्या धक्क्यावरून आमची बोट सुटली तेव्हा पाऊस नव्हता, पण कधीही येईल असं आभाळ होतं. मी मूळचा नागपूरचा. बावीस वर्षांचा होईपर्यंत समुद्र पाहिला नव्हता, आणि आता रेडमंडच्या ऑफिसातली साठवलेली सगळी सुट्टी एकदम घेऊन शिडाच्या बोटीतून हवाईला निघालो होतो. बायको म्हणाली, "विमान नावाची एक गोष्ट असते, निखिल." मी बॅग भरत राहिलो.

बोट सुलभाकाकूंची. काकू आमच्याच रस्त्यावर राहतात. वय सहासष्ट, माहेर नाशिक, म्हणून बोटीचं नाव 'गोदा'. नोकरी करता करता त्या शनिवार-रविवारी शिडाची बोट हाकायला शिकल्या. निवृत्त झाल्यावर ही जुनी अडतीस फुटी बोट घेतली आणि तिच्या वायरी, दोर, पाण्याच्या नळ्या स्वतःच्या हातांनी बदलल्या. सोबत त्यांची मुलगी रुचा, एकोणतीस वर्षांची. ती हौसेने आली नव्हती. आईने आता हे थांबवावं आणि बोट विकावी, असं तिचं मत. शेवटी मायलेकींचा करार झाला होता: वाटेत आईच्या हातून काही चुकलं, तर परत आल्यावर 'गोदा' विकायची. हे मला काकूंनीच दोर गुंडाळता गुंडाळता सांगितलं. वर म्हणाल्या, "तू फक्त स्वयंपाक सांभाळ. बाकी मी बघते."

पहिले तीन दिवस मी स्वयंपाक काय, स्वतःलाही सांभाळू शकलो नाही. समुद्र करडा, वारा बोचरा, आणि पोटात गेलेलं काहीच तिथे राहायला तयार नाही. रुचा मला सुंठ घातलेला चहा आणून द्यायची आणि म्हणायची, "निखिलदादा, लुक अ‍ॅट द होरायझन." क्षितिज दिसायचं, पण तेही हलत होतं.

चौथ्या दिवशी सकाळी जाग आली ती भुकेने. त्यानंतर बोटीवरचा दिवस अंगवळणी पडला. तीन तास पहारा, सहा तास मोकळे. सकाळी आठला काकू नकाशावर पेन्सिलीने फुली मारायच्या. कालच्या आणि आजच्या फुलीत करंगळीएवढं अंतर असायचं, आणि त्यासाठी आम्ही चोवीस तास चाललेलो असायचो. आंघोळ बादलीभर खाऱ्या पाण्याची. भांडीही त्याच पाण्याची.

गॅली (बोटीवरचं स्वयंपाकघर) आमच्या घरच्या कपाटापेक्षा लहान. शेगडी पाळण्यासारखी झुलणारी, आणि आपण पडू नये म्हणून कंबरेला पट्टा. पायाशी दोन पंप, एक समुद्राच्या पाण्याचा, दुसरा गोड्या पाण्याचा. बरं वाटताच मी मटकी भिजत घातली, तिला मोड काढले. कुकरची शिट्टी झाली की आजूबाजूला शेकडो मैल माणूस नाही याचंही काही वाटायचं नाही. काकू कॉकपिटमध्ये (सुकाणूजवळची उघडी बैठक) ताटली मांडीवर घेऊन म्हणायच्या, "भात मोकळा झालाय हो." मी फुगून जायचो.

नवव्या दिवशी सकाळी पंप दाबला, तर पाण्याऐवजी हवा आली.

बोटीवर दोन टाक्या होत्या. एक संपली की दुसरी उघडायची. पहिली टाकी दोन आठवडे तरी पुरायला हवी होती. काकूंचा चेहरा उतरला. त्यांनी लाकडी फळ्या उचलल्या आणि बोटीच्या तळाच्या पोकळीत डोकं घालून बॅटरीने एकेक नळी तपासू लागल्या. दोन्ही टाक्यांना जोडणारा जोड त्यांनीच बसवलेला होता.

"जोडच गळत असणार," त्या आतून म्हणाल्या. "घट्ट केला होता रे मी. का नव्हता केला?"

"आई, धिस इज एक्झॅक्टली व्हॉट आय वॉज अफ्रेड ऑफ," रुचा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागला. गळती असेल तर दुसरी टाकीही जाणार. मग पुढे जाण्यात अर्थ नव्हता, सॅन फ्रान्सिस्कोकडे वळायचं, आणि बोट विकायची. रुचाने जोडाखाली एक कागदी नॅपकिन खोचला. ओला होतो का, बघायला.

मी आपला जेवणाच्या तयारीला लागलो. तांदूळ पातेल्यात घेतले, दुसऱ्या टाकीचं पाणी सोडलं, खळबळले, ओतले. दुसरं पाणी. पाय आपोआप पंप दाबत होता. तिसरं पाणी सोडताना पाय थांबला. तांदूळ तीन पाण्यांत, डाळ तीन पाण्यांत, मटकी सकाळ-संध्याकाळ. सगळं गोड्या पाण्याने. माझी आई धुवायची तसं, पाणी नितळ दिसेपर्यंत.

गळती मीच होतो.

आणि मी बोललो नाही. लाज वाटली, दुसरं काय! ऑफिसात दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा पगार घेतो मी. भात लावला, वाढला. काकूंनी दोनच घास खाल्ले. आपल्या हातांकडे बघत त्या म्हणाल्या, "तुझं बरोबर आहे, रुचा. नाही जमत आता मला. विकू या."

तेव्हा मात्र मला राहवलं नाही. "काकू, जोड ठीक आहे. पाणी मी संपवलंय."

सगळं सांगितलं. रुचाने मला खाऱ्या पाण्याने मूठभर डाळ रोजच्यासारखी धुवून दाखवायला लावली आणि ओतलेलं पाणी बादलीत मोजलं. मग बादलीकडे बघत ती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. काकू हसल्या नाहीत. "सकाळीच बोलला असतास तर बरं झालं असतं," एवढंच म्हणाल्या. मला ते दिवसभर पुरलं.

बोट वळली नाही. त्या दिवसापासून तांदूळ न धुता, अर्ध्या खाऱ्या पाण्यात, मीठ न घालता. मटकीचा डबा बंद. प्यायला मोजून पेले. समुद्राचं पाणी करड्याचं निळं झालं, वारा पाठीशी आला, स्वेटर निघाले. सकाळी डेकवर उडते मासे पडलेले सापडायचे. रोज फुली मारून झाली की रुचा एक फळी उचलून आत नॅपकिनकडे डोकावायची आणि फळी परत ठेवायची.

बाविसाव्या दिवशी ढगांच्या वर डोंगराचा माथा दिसला. दुपारी हिलोच्या धक्क्याला दोर बांधला आणि मी नळाला तोंड लावून पाणी प्यायलो. रुचा मात्र आधी खाली गेली. नॅपकिन काढला, चुरगळून पाहिला, खिशात ठेवला.

परतीचा प्रवास तिघांचाही विमानाने, साडेपाच तासांचा. खिडकीतून तोच समुद्र दिसत होता. माझ्या मनात मात्र ती एकच सकाळ होती. चूक माझी, आणि काकू स्वतःच्या हातांवर संशय घेत बसल्या होत्या. मी गप्प बसून तो घेऊ दिला, याची लाज अजून गेलेली नाही.

मागच्या रविवारी काकूंकडे जेवायला गेलो. बोट अजून हिलोलाच आहे. विकायचं काय ठरलं, हे विचारायचा मला धीर होत नव्हता. पाणी घ्यायला फ्रिजपाशी गेलो, तर दारावर चुंबकाखाली तो नॅपकिन लावलेला होता, कोरडा ठणठणीत. आईशी कायम इंग्रजीत बोलणाऱ्या रुचाने त्यावर वाकड्यातिकड्या मराठी अक्षरांत लिहिलं होतं, "आईने बसवलेला जोड."