आंबिलीचं पीठ

बद्रीनाथनं एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये चौतीस वर्षं इंजिनं उघडली आणि बसवली, पण घरात कधी चहासुद्धा स्वतःच्या हातानं केला नाही. करायची वेळच आली नाही. मुकुंदवाडीतल्या दोन खोल्यांच्या घरात स्वयंपाकाचं सगळं साळूबाईकडं. तो कामावरून यायचा, हातपाय धुवायचा, जेवायला बसायचा. काय जेवला हे उठल्यावर विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं.

रिटायर होऊन सहा वर्षं झाली होती. फेब्रुवारीत एका सकाळी साळूबाई केर काढता काढता खाली बसली आणि तिला उठता येईना. उजवा हात, उजवा पाय लुळा पडला आणि वाचा गेली. त्रेसष्ट वर्षांची बाई. दवाखान्यात सव्वीस दिवस गेले. तिथं घास चुकीच्या वाटेनं जाऊन छातीत कफ झाला, ताप आला आणि तो उतरेपर्यंत एकामागून एक कडक अँटिबायोटिक द्यावी लागली. ताप उतरला. घरी आणलं. पण पोट काही थांबेना. दिवसातून सहा वेळा, कधी सात.

मुलगी आशा वैजापूरहून येऊन तीन आठवडे राहिली. मग तिच्या मुलांच्या परीक्षा आल्या. जाताना तिनं कुठलं औषध कधी द्यायचं ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलं, दारात उभी राहून रडली आणि गेली. मागे उरले बद्रीनाथ, साळूबाई आणि धुणं.

धुणं म्हणजे चादरी. गल्लीतल्या नळाला आठव्या दिवशी पाणी यायचं, उन्हाळा लागला तसं दहाव्या दिवशी. मधे टँकर. न्हाणीतल्या दोन निळ्या ड्रमांवर सगळं घर चालायचं. बद्रीनाथ उजाडता उजाडता उठायचा, साळूबाईला पुसून घ्यायचा, कूस बदलून द्यायचा, खालची चादर ओढून काढायचा आणि बादलीत भिजत घालायचा. एक बादली पाण्यात तीन चादरी कशा निघतात हे तो शिकला. दुपारपर्यंत त्या वाळायच्या आणि संध्याकाळपर्यंत पुन्हा भिजायच्या. त्याची पाठ धरायची. भरलेला गिअरबॉक्स उचलताना कधी एवढी धरली नव्हती.

चौकातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासण्या करून घेतल्या. त्यांत नवीन काही निघालं नाही.

"एवढ्या औषधांनी पोटातले चांगले जंतूसुद्धा मेलेत काका," त्या म्हणाल्या.

"जंतू चांगले बी असत्यात?"

"असतात. दह्यात असतात, ताकात असतात. पण पातळ ताक दिलं तर यांना ठसका लागेल. त्यापेक्षा ज्वारीची आंबील द्या, ती जरा दाट असते, गिळायला सोपी. पीठ आंबवून शिजवा, पुरती थंड होऊ द्या आणि मग त्यात ताक घाला. गरम असताना घालू नका, ताकातले जंतू मरतील. नक्की फरक पडेल असं मी म्हणत नाही. पण पोटाला हळूहळू सवय लागते. आणि अंगातलं पाणी कमी झालं, त्या सुस्त वाटल्या, तर लगेच घेऊन या."

"आंबील करायची कशी?"

त्या हसल्या. "ते तुमच्या घरात माहीत असेल की."

घरात ज्या बाईला माहीत होतं ती खाटेवर पडून छताकडं बघत होती. पूर्वी उन्हाळाभर ती आंबील करायची. सकाळी कामावर निघताना बद्रीनाथ उभ्याउभ्या ग्लासभर पिऊन जायचा. पीठ कधी भिजवायचं, किती पाण्यात, कशावर झाकण ठेवायचं, त्यानं कधी बघितलंच नव्हतं.

त्यानं आशाला फोन केला. तिनं सांगितलं तसं वाटीभर ज्वारीचं पीठ गाडग्यात पाण्यात कालवलं, वरून फडकं बांधलं आणि कोपऱ्यात ठेवलं. दुसऱ्या दिवशी पाणी उकळून त्यात ते ओतलं. सगळ्या गुठळ्या झाल्या. त्या त्यानं गाळून काढल्या, मीठ-जिरं टाकलं, थंड करून ताक घातलं आणि साळूबाईच्या पाठीमागं उश्या लावून चमचा तिच्या ओठाला लावला. तिनं एक चमचा घेतला. दुसऱ्याला डाव्या हातानं वाटी लोटली.

पुढं गुठळ्या होईनाशा झाल्या. एका हातानं ओतायचं आणि दुसऱ्यानं सारखं हलवायचं, हे त्याच्या लक्षात आलं. लसूण ठेचून टाकून पाहिला. दाट करून पाहिली, पातळ करून पाहिली. वर्कशॉपमध्ये लिहायची सवय होती, म्हणून कॅलेंडरच्या मागच्या बाजूला तो भिजवल्याची वेळ आणि शिजवल्याची वेळ लिहायला लागला. साळूबाई दोन चमचे घ्यायची आणि वाटी लोटायची. असे पंधरा-सतरा दिवस गेले. ती वाळत चालली होती आणि चादरी तेवढ्याच होत्या.

एप्रिलमधल्या एका दुपारी वाटी लोटली ती त्याच्या अंगावर सांडली. सदरा बदलायचा म्हणजे आणखी एक कपडा धुवायचा. बद्रीनाथ तसाच बसून राहिला. मग म्हणाला, "पी, नायतर मर."

आवाज मोठा नव्हता. पण मधली भिंत पातळ होती आणि पलीकडं रईसा शिलाई मशीनवर बसलेली होती. मशीन थांबलं. साळूबाईनं त्याच्याकडं बघितलं आणि तोंड भिंतीकडं फिरवलं. बद्रीनाथला वाटलं, आपण उठून कुठंतरी निघून जावं. 

थोड्या वेळानं रईसा दारात आली. पंचवीस वर्षांपासूनची शेजारीण, गल्लीभरच्या बायकांची पोलकी शिवणारी. 

"बद्रीभाऊ, तुम्ही आंग धुवून घ्या. मय बसती हितं."

तो न्हाणीत गेला. परत आला तेव्हा रईसानं कोपऱ्यातलं गाडगं उचलून खाटेपाशी उजेडात आणलं होतं. त्यात पुढच्या खेपेचं पीठ होतं, कालपासून भिजलेलं.

"भाऊ, हे आंबलंच नाय की. बघा, वर पाणी, खाली पीठ. बुडबुडा एक नाय. कच्च्या पिठाचा घाटा पाजता का काय तिला?"

"आठरा तास झाले भिजवून. लिवलेलं हाय."

"लिहून आंबतं व्हय?"

ती गाडगं परत न्यायला लागली, तेवढ्यात साळूबाईचा डावा हात पुढं आला. तिनं गाडग्याचा काठ धरला. रईसानं ते तिच्या तोंडापाशी नेलं. साळूबाईनं वास घेतला, नाक आक्रसलं, मग पुन्हा घेतला. ती बद्रीनाथकडं बघेना. तिनं बोट उचललं आणि न्हाणीकडं दाखवलं. परत दाखवलं.

"न्हाणीत जायचंय का तुला?" त्यानं विचारलं.

तिनं मान हलवली. नाही. बोट तसंच.

रईसा उठून आत गेली आणि ड्रममधलं पाणी ग्लासात घेऊन आली. ते तिनं आधी साळूबाईच्या नाकाशी धरलं. साळूबाईनं डोळे मिटून मान बाजूला केली आणि डाव्या हाताची दोन बोटं नाकावर दाबली. मग रईसानं वास घेतला आणि ग्लास बद्रीनाथकडं दिला. टँकरच्या पाण्याला औषधाचा वास होता. रोजचाच होता. सगळ्या गल्लीला त्याची सवय झाली होती.

"पाण्यातल्या दवाईनं जंतू मरतात ना," रईसा म्हणाली. "मग पीठ आंबंल कसं?"

बद्रीनाथ खाटेच्या कडेला बसला. इंजिनात डिझेलऐवजी भलतंच काही ओतावं आणि ते चालू होत नाही म्हणून त्याला लाथा घालाव्यात, तसं आपण सतरा दिवस केलं, एवढं त्याला कळलं. त्याला हसू आलं नाही.

त्या दिवसापासून त्यानं आंबिलीचं पाणी वेगळं ठेवलं. आधी उकळायचं, मग परातीत ओतून, वर फडकं टाकून दिवसभर तसंच ठेवायचं. वास गेला का हे साळूबाईला विचारायचं. ती वास घ्यायची आणि तळवा खाली करायची, म्हणजे चालेल. मग त्यात पीठ कालवायचं, चमचाभर आंबट ताक घालायचं. दुसऱ्या दिवशी गाडगं तिच्यापाशी न्यायचं. अजून हवं असेल तर ती एक बोट वर करायची. झालं असेल तर तळवा. एकदा गडबडीत त्यानं तिला न विचारताच शिजवायला घेतलं, तर खाटेवरून तिनं ताटली खाली पाडली. उकळतं पाणी त्यानं उतरवलं आणि गाडगं तिच्यापाशी घेऊन गेला. तिनं एक बोट वर केलं.

पहिल्यांदा जमलं त्या दिवशी पिठावर बारीक फेस होता आणि फडकं काढताच आंबूस वास आला. त्या वासानं बद्रीनाथला आपले कामाचे दिवस आठवले, दाराशी उभं राहून घाईत रिकामे केलेले ग्लास आठवले. साळूबाईनं अर्धी वाटी आंबील घेतली. हळूहळू, एकेक चमचा, मधे थांबून. वाटी लोटली नाही.

पोट काही एका दिवसात सुधारलं नाही. मे महिना तसाच गेला. जूनमध्ये दिवसाच्या चादरी चारवर आल्या, जुलैत दोनवर. मधे एकदा उलट्या होऊन दोन दिवस सलाईन लावावं लागलं आणि सगळं पहिल्यापासून सुरू झाल्यासारखं वाटलं. डॉक्टरीणबाईंनी वजन केलं, म्हणाल्या, "तीन किलो वाढलंय काका. औषधानं, आंबिलीनं, का नुसता वेळ गेला म्हणून, मी सांगू शकत नाही. पण चालू ठेवा." बद्रीनाथनं मान हलवली. चालू ठेवणं हेच तर त्याला जड जात होतं. रोज पाणी ठेव, रोज पीठ भिजव, रोज गाडगं ने, रोज हलव. सुट्टी नाही. वर्कशॉपला निदान रविवार होता.

ऑगस्टमध्ये एका सकाळी त्यानं तिला चमचा भरवला, तिनं तो तोंडात घोळवला, गिळला आणि म्हणाली, "मीठ."

सहा महिन्यांतला पहिला शब्द. नीट, ऐकू येईल असा. बद्रीनाथ थांबला. मीठ खरंच घालायचं राहिलं होतं. तो उठला, मीठ आणलं, कालवलं आणि पुन्हा भरवायला बसला. वाटी संपली. ती धुवून झाल्यावर तो पायरीवर जाऊन बसला आणि तिथं त्याचे डोळे वाहायला लागले. रईसानं खिडकीतून बघितलं आणि विचारलं, "काय झालं भाऊ?"

"बोलली."

"काय बोलली?"

"मीठ कमी हाय म्हणली."

रईसा मशीन सोडून पळत साळूबाईकडं गेली.

दिवाळीला आशा आली. आईपेक्षा बापाकडं बघून ती घाबरली. त्याची गालफडं आत गेली होती, बसला की उठताना भिंत धरायचा.

"अण्णा, आईला महिनाभर मी नेते. तुम्ही झोपा जरा."

तो नको म्हणेल असं तिला वाटलं होतं. पण तो लगेच म्हणाला, "ने." आणि असं लगेच म्हटल्याची त्याला लाज वाटली. साळूबाईकडं बघायचं टाळून त्यानं तिची पिशवी भरली. गाडीत बसवताना तिनं त्याचा हात धरला, तेव्हा तो म्हणाला, "येतो मी धा-बारा दिवसांनी. लई थकलो गं." तिनं हात सोडला. रागावली होती का, त्याला कळलं नाही.

तीन दिवस तो नुसता झोपला. उठायचा, रईसानं झाकून ठेवलेलं खायचा, पुन्हा आडवा व्हायचा. चौथ्या दिवशी ड्रम अजून भरलेलेच पाहून त्याला नवल वाटलं, मग आठवलं, धुणंच नव्हतं.

नवव्या दिवशी आशाचा फोन आला.

"अण्णा, आई आंबील घेईना. वास घेती अन् ठेवती. पोट पुन्हा बिघडंल म्हणून मला धाकधूक होती."

"पाणी कुठलं?"

"बोअरचं. वास-बिस नाय त्याला."

"भिजवून किती वेळ?"

"काल सकाळपासून."

"वैजापूरला आता थंडी असंल. वेळ लागंल. शिजवायच्या आधी गाडगं तिच्यापाशी नेलं का?"

"नाय. कशाला?"

"ने. तिला वास घेऊ दे. बोट वर केलं तर आणखी एक दिवस, उबदार जागी ठेव. तळवा खाली केला तर शिजव. तू ठरवू नको. तिला ठरवू दे."

संध्याकाळी आशानं पुन्हा फोन केला. आईनं एक बोट वर केलं होतं. दुसऱ्या दिवशी गाडगं गॅसजवळ ठेवल्यावर तळवा आला आणि दुपारी वाटीभर आंबील पोटात गेली. "सगळी घेतली अण्णा," ती म्हणाली.

बद्रीनाथ म्हणाला, "चांगलं झालं." आपल्याशिवायही होतं, हे ऐकून त्याला हलकं वाटलं आणि थोडं रितंही. तो बाराव्या दिवशी वैजापूरला गेला. साळूबाईनं त्याला बघून तोंडानं काहीतरी आवाज केला, पुरता शब्द नव्हता. खाटेवर सरकून तिनं जागा केली. तो तिथं आठ दिवस राहिला आणि एकटाच परत आला. महिन्यानं आशानं तिला आणून सोडलं.

तेव्हापासून तसंच चालू आहे. महिना-दीड महिना तिकडं, तीन महिने इकडं. साळूबाई आता वीसेक शब्द बोलते, त्यांतले निम्मे खाण्याचे आहेत. उजवा हात उठत नाही. चादर आठवड्यातून दोन-तीनदा धुवावी लागते, तेवढं बद्रीनाथला झेपतं. पाठ दुखते ती दुखतेच. "कसं चाललंय?" असं कुणी विचारलं तर तो म्हणतो, "चाललंय," आणि घड्याळ बघतो, कारण परातीतलं पाणी गाडग्यात ओतायची वेळ झालेली असते.