आत्याच्या प्लेटची चावी

मनात पाप लपवून जगणाऱ्या माणसाला सुखाची झोप कधी लागत नाही. मला लागते. दुपारी जेवल्यावर लागते, रात्री लागते, व्याख्यानाला पहिल्या रांगेत बसवलं तर तिथेही लागते. तेव्हा त्या वाक्यावर फार विसंबू नका. पण पुढे जे सांगणार आहे ते मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही — बायकोला नाही, मुलींना नाही, ज्या मित्राला बाकी सगळं सांगितलं त्यालाही नाही. का नाही? गोष्ट मोठी असती तर कदाचित केव्हाच सांगून टाकली असती. मोठ्या अपराधाला निदान थोडी ऐट असते. माझा अपराध दातकोरण्याएवढ्या एका चावीचा आहे.

सत्तरच्या दशकातलं सोलापूर. शुक्रवार पेठेत खाली अप्पांचं, म्हणजे वडिलांचं, कापडाचं दुकान आणि वर आम्ही. अप्पांची धाकटी बहीण, महादेवीआत्या, आमच्याबरोबर राहायची आणि मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची. तिचं लग्न झालं नव्हतं. ते का झालं नाही, हा विषय घरात कानडीतून चाले — आमच्याकडे रोजचं बोलणं मराठीत आणि दुखरं बोलणं कानडीत.

आजोबांकडून आत्याला आणि मला वारशात एकच वस्तू आली होती: अरुंद जबडा. त्यात दात मावत नसत. दोन पुढे आलेले, आणि बाकीचे त्यांच्या खांद्यामागून डोकावणारे, फोटोत आपण येतोय की नाही या काळजीने. मला त्याचं काही वाटत नसे. आत्याला वाटे. तिचं हसू यायच्या आधी तिचा हात यायचा. वर्गात मुलींनी काही गंमत केली की ती फळ्याकडे तोंड करून हसायची आणि मग वळून पुढची नदी शिकवायची.

त्या सुमारास मुंबईहून शिकून आलेल्या एका दंतवैद्यांनी गावात दवाखाना उघडला. दात काढणारे सोलापुरात पुष्कळ होते. हे दात सरळ करणारे होते, आणि हा फरक ते येईल त्याला उभं करून समजावत. अप्पांनी मला तिथे धाडलं. आत्या फक्त सोबतीला आली होती. आम्ही निघालो तेव्हा दारापाशी थांबून, तोंडावर पदर धरून, तिने विचारलं की मोठ्या माणसांचं काही होतं का — असं विचारलं, जणू शेजारच्या कुणासाठी विचारतेय.

डॉक्टर खुश झाले. एकच घर, एकच जबडा, एक मूल आणि एक मोठं माणूस! त्यांनी आम्हाला दोघांनाही बसवून सांगितलं ते मला अजून जसंच्या तसं आठवतं. दात म्हणजे भिंतीत ठोकलेला खिळा नव्हे. त्याला हळू, सतत रेटा दिला की एका बाजूचं हाड विरतं, दुसऱ्या बाजूला नवं भरतं, आणि दात चालू लागतो. लहानपणी भराभर चालतो. मोठेपणी सावकाश, जरा दुखवून — पण चालतो. मग ते म्हणाले, बघू या कोण जिंकतं ते. हे त्यांनी म्हणायला नको होतं, असं मी पुष्कळदा मनाशी म्हणून पाहिलं आहे. त्याने काही हलकं होत नाही.

आमच्या प्लेटा आल्या. गुलाबी, टाळूच्या आकाराच्या, कडेने तारांचे आकडे, आणि मधोमध चिरलेल्या. त्या चिरेत एक बारीक स्क्रू. दर रविवारी चावी घालून तो बाणाच्या दिशेने एक घर फिरवायचा, म्हणजे प्लेटचे दोन भाग केसभर दूर होतात आणि जबडा हळूहळू रुंदावतो. आत्याला जाड भिंगाचा चष्मा होता. तो बाण तिला दिसेना. डॉक्टरांनी दोन्ही चाव्या माझ्या हातात दिल्या आणि मला घरचा इंजिनियर नेमलं. दोन टाळूंचा कारभार! मी पायऱ्या उतरलो तो वेगळाच मुलगा होऊन.

त्या रविवार दुपारी मला आता स्वप्नासारख्या दिसतात. खिडकीला वाळ्याचा ओला पडदा. पलीकडच्या बोळातले माग सुट्टीमुळे बंद, म्हणून सबंध पेठेला एक पोकळ शांतता. ताटं उचलली गेलेली, अप्पा पेपर छातीवर टाकून झोपलेले. खिडकीत पाण्याचे दोन पेले आणि त्यांत आमच्या दोन प्लेटा, गुलाबी, तरंगत नाहीत आणि बुडतही नाहीत अशा. पडद्यातून येणारं ऊन पाण्यातून भिंतीवर जाई आणि तिथे थरथरत राही. मी पेल्यात बोटं घालत असे. कधी कधी वाटे, या झोपलेल्या कुणाच्या तरी टाळू आहेत, आणि ती माणसं बोलायची थांबली आहेत ती माझ्यासाठी.

पहिले काही रविवार मी दोन्ही चाव्या नीट फिरवल्या. हे खरं आहे. पण शाळेत गेलो की मी माझी प्लेट काढून कंपासपेटीत ठेवत असे. माझं नाव शिवशंकर. प्लेट घालून ते मला स्वतःला घेता येत नव्हतं, आणि वर्गाला हे फार लवकर कळलं. आत्या मात्र तिची प्लेट घालून सबंध दिवस शिकवायची. मुली हसल्या असतील. तिने एवढंच केलं, की त्या दिवसांत मिसिसिपी फळ्यावर लिहून दाखवली, तोंडाने घेतली नाही. घरी कडक भाकरी तिला चावेना, तर ती आमटीत भिजत घालून, डोळे मिटून गिळायची.

मग डॉक्टरांनी मापं घेतली. आत्याचे दात हलले होते. माझे जेमतेम. डॉक्टर अप्पांसमोर मला म्हणाले, "काय राजे, आत्या पुढे गेली की तुमची!"

आत्या हसली. आणि तिचा हात — तोंडाकडे निघालेला तिचा हात — अर्ध्यावर आला आणि थांबला. मी पाहिलं ते. खोलीत दुसऱ्या कुणीही पाहिलं नसेल, मी पाहिलं. पुढे मी जे केलं ते हे पाहून झाल्यावर केलं, एवढं तुम्ही लक्षात ठेवा.

मी वर्गात पहिला येणारा मुलगा होतो. याहून मोठं काही कारण असेल म्हणून मी खूप शोधलं. काहीच सापडलं नाही.

त्या रविवारी मी माझी चावी फिरवली. मग आत्याची प्लेट पेल्यातून उचलली, स्क्रूमध्ये चावी घातली, मनातल्या मनात एक ओळ म्हणून होईल एवढा वेळ थांबलो — आणि चावी तशीच बाहेर काढली. ठरवलं होतं का? पुढच्या आठवड्यात दोनदा फिरवू, असं मी स्वतःला सांगितल्याचं आठवतं. पुढच्या आठवड्यातही तेच सांगितलं. नंतर सांगायचंही सोडलं. नेमाने चावी घालायची, थांबायचं, काढायची. अगदी पूजेसारखं. आणि माझी प्लेट आता मी शाळेतही काढत नव्हतो.

आत्याचं दुखणं थांबलं. अर्थातच थांबलं! तिला वाटलं, बसली प्लेट. ती पुन्हा कडक भाकरी शेंगाचटणीशी कुरकुरून खाऊ लागली आणि एका रविवारी माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "लई हलका हात आहे की रे तुझा, शिवू. कळतसुद्धा नाही."

यावर मी काय केलं असेल? मी लाजलो. कौतुक झालेलं मूल लाजतं तसा.

डॉक्टरांनी आत्याच्या प्लेटची चीर एकदा जरी निरखून पाहिली असती, तरी दोन भाग एकमेकांपासून आणखी दूर सरकलेले नाहीत हे कळलं असतं. पण ते माझ्या तोंडात गुंतले होते. माझे दात आता खरोखरच चालू लागले होते, आणि डॉक्टर भाषण तयार करत होते.

ते भाषण एका सभागृहात झालं. अध्यक्ष, हार, समई, आणि समई पेटवायला लागणाऱ्या काडेपेटीची शोधाशोध. विषयात बालक होतं आणि राष्ट्रही होतं. मग दिवे घालवले गेले आणि पांढऱ्या पडद्यावर दात उमटले — आमच्या दातांच्या प्लास्टरच्या साच्यांचे फोटो, भिंतीएवढे. प्रत्येक दात दाराएवढा. अंधारात सगळ्यांचे चेहरे त्या उजेडाने फिकट झालेले. ते माझे दात आहेत हे मला ओळखू येईना. माझं नाव पुकारलं. मी वर गेलो, तोंड उघडलं, टाळ्या झाल्या.

मग त्यांनी आत्यालाही बोलावलं. हे आधी सांगितलं होतं की नाही, मला ठाऊक नाही. ती इरकली साडी नेसून आली होती. तिच्या शाळेच्या मुख्याध्यापिका तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, तीच प्लेट, तोच काळ, तीच चावी — फरक फक्त हाडाचा. पक्व हाड सुरुवातीला जरा हलल्यासारखं करतं, मग ऐकत नाही. आणि त्यांनी तिला तोंड उघडायला सांगितलं. जिने आयुष्यात हसतानासुद्धा कुणाला दात दाखवले नव्हते, तिने हात खाली ठेवून, भरल्या सभागृहासमोर तोंड उघडलं. मी तिच्या शेजारी उभा होतो. ओरडून सांगता आलं असतं. सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

परत येताना आम्ही दोघं टांग्यात होतो. संध्याकाळ सरत आली होती, तलावाकडून वारं येत होतं. ती रस्त्याकडेच बघत म्हणाली, "शिवू, तू फिरवत होतास ना रे?"

मी म्हणालो, "हो."

"मग माझं हाडच तसलं," ती म्हणाली, आणि उद्याच्या गृहपाठाचं विचारू लागली.

तिने प्लेट घालणं सोडलं. डॉक्टरांनी मोठ्या माणसांना घेणं सोडलं. आमच्या दोघांच्या पुराव्यावर, त्यांनी पुढे कितीतरी वर्षं दारात आलेल्या बँकेतल्या कारकुनांना, लग्नाच्या मुलींना, बाळंतपणानंतर थोडा वेळ मिळालेल्या बायकांना सांगून परत पाठवलं, की तुमचं वय गेलं. आत्याही शाळेतल्या बाईंना हेच सांगायची. तिचा तर स्वतःचा अनुभव. मोठ्यांचेही दात हलतात, हे मापासह सिद्ध झालेलं होतं, आणि ते थांबले ते हाडामुळे नव्हे, हे सबंध गावात एकट्या मला माहीत होतं.

ती पुढे त्याच शाळेत मुख्याध्यापिका झाली. शाळेच्या व्हरांड्यात दर वर्षीचा एकेक फोटो लावलेला आहे. मधल्या खुर्चीवर ती. ओठ मिटलेले.

सांगायची संधी मिळाली नाही असंही नाही. ती थकल्यावर मी एका दुपारी तिच्या उशाशी बसलो होतो. तिने डोळे उघडून विचारलं, काही बोलायचंय का. मी विचारलं, पंखा कमी करू का. तिने मान हलवली. मी पंखा कमी केला.

मी लहान होतो, हे कारण मी देणार नाही. त्या वयाच्या मुलाला बाण दिसतो. म्हणून तर चावी माझ्याकडे दिली होती. यात तुमच्याकडून मला काही नको आहे. तुम्ही ऐकलंत, झालं.

दात सरळ झाल्यावर ते तिथेच टिकावेत म्हणून आणखी वर्षभर रात्री एक साधी प्लेट घालावी लागते. मी कंटाळा केला. कॉलेज संपेपर्यंत माझे सगळे दात जिथे होते तिथे परत आले.